चिनूचा डावा डोळा उघडला
सुपेला, रविवार, संध्याकाळ

आज सकाळी चिनूचा डावा डोळा चिकटलेला नव्हता! पाच महिन्यांची नात, अश्रूंची नळी बंद, डोळ्याला सारखं पाणी. मालिशने उघडली नाही तर पुढे बारीक सुई घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या सुईने माझी झोप उडवली होती.

मालिश तर महिनाभर चालूच होती. मग अडत कुठं होतं? गेल्या आठवड्यात दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. पडद्याआड डॉक्टर दुसऱ्या बाईला सांगत होते, "डोळ्याच्या कोपऱ्यात दाबा, नाकाच्या कडेने खाली आणा." खाली? आमची ही तर नाक धारदार व्हावं म्हणून खालून वर चोळते!

घरी येऊन म्हटलं, "अवं, तू उलटी मालिश करून राहिली."

"तुमी तुमच्या दुकानातले पंप दुरुस्त करा. लेकराचं मले समजते."

पण दुसऱ्या दिवसापासून बोट खाली यायला लागलं. मी दारातून बघितलं.

आणि आज डावा डोळा टक्क उघडा, कोरडा! आत्ता ही अंगणात शेजारणीला सांगून राहिली आहे, "माह्या मायनं शिकवली हे मालिश." सगळं ऐकू येतंय. सांगू दे. सुई टळली.