बदलून मिळालेली ताई

सोमवार, ४
पोहोचले एकदाची! नवं गाव, नवी नोकरी आणि राहायला ताईचं घर. माझ्यासाठी तिने अर्धं कपाट रिकामं करून ठेवलं होतं. त्यात तिची किती गैरसोय झाली, हे जेवण होईपर्यंत ऐकवलंही. चालायचंच. इमारतीच्या दाराशी पार्सलच्या पिवळ्या खणांची भिंत आहे. फोनवर आलेले आकडे दाबले की आपला खण टप्पकन उघडतो. नको झालेला माल त्यातच परत ठेवायचा, सोमवारी गाडी उचलून नेते. मला ते भारी आवडलं.

नोकरी परतीच्या गोदामात. लोकांनी ऑनलाइन मागवून परत पाठवलेल्या वस्तू उघडायच्या, तपासायच्या, त्यांना लाल स्टिकर लावायचा. स्टिकरवर कारण लिहायचं आणि ‘पैसे परत’ किंवा ‘बदली’ यांतल्या एकावर फुली मारायची. मुकादम म्हणाला, स्टिकर लागला की वस्तू गेली, मग ब्रह्मदेव आला तरी थांबत नाही. माणूस गमत्या दिसतो.

गुरुवार, ७
लोकांना लाज कशी वाटत नाही? एकीने तळ झिजेपर्यंत वापरलेले बूट ‘साइज चुकली’ म्हणून परत पाठवले! एकाच्या ब्लँकेटात अख्ख्या मांजराचे केस. डोकं जे तापलं ते दुपारपर्यंत उतरलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या मावशी म्हणाल्या, पोरी, हात चालव, डोकं नको. त्यांनीच एक युक्ती शिकवली. स्टिकर आधीच सोडवून डाव्या बाहीवर ओळीने हलकेच चिकटवून ठेवायचे, म्हणजे काम भराभर उरकतं. इथे सगळे तसंच करतात. फक्त घरी जाताना बाही झाडायची, हे मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं.

आमची ताईही त्यातलीच. ड्रेस मागवते, किमतीचा कागद आत खुपसून एकदा मिरवते आणि परत पाठवते. मी बोलले तर म्हणे, तुझा पगार माझ्यासारख्यांमुळेच निघतो.

मंगळवार, १२
कडाक्याचं भांडण झालं. मी दमून घरात पाऊल टाकते तोच सुरू. बूट दारात काढलेस, दिवा चालू ठेवलास, लग्न मोडलंस, आधीची नोकरी सोडलीस, एक काम धड जमत नाही तुला. लहानपणापासून हीच रेकॉर्ड! सायकल शिकवली तीही ओरडतच. मी पडताना मला सावरायला धावली आणि तिचंच कोपर फाटलं. त्याचा व्रण आहे अजून, आणि त्यावरून मी अजून बोलणी खाते.

बाहीवर एक स्टिकर राहिला होता. रागाच्या भरात त्यावर लिहिलं, ‘कारण : फार बोलते’. बदलीवर फुली मारली आणि तिच्या पाठीवर थोपटल्यासारखं करून चिकटवला. बाईसाहेबांना पत्ताच नाही. बोलता बोलता मध्येच थांबली आणि कचरा टाकायला खाली गेली. मी पोट धरून हसले.

बुधवार, १३
सकाळी उठले तर चहा तयार, माझे बूट नीट लावलेले आणि ताई हसतेय. एक टोमणा नाही. वाटलं, स्टिकर बघून वरमली असेल. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शुक्रवार, १५
अजून हसतेच आहे. आज भांडी घासताना तिने बाह्या वर केल्या. कोपर गुळगुळीत. व्रण नाही. सायकलचा व्रण कुठे गेला विचारलं, तर गोड आवाजात म्हणाली, कुठली सायकल?

खाली गेले. पिवळ्या खणांसमोर ताईचा चष्मा पडलेला. तोच, दांडीला मी गुंडाळलेला दोरा आहे. घरातली मात्र तसाच कोरा चष्मा लावून बसलीय. आणि सगळ्यात खालच्या खणातून आवाज — ताईचा. मला शिव्या घालत होती. मूर्ख, दार उघड. इतकं गोड मी जन्मात काही ऐकलं नव्हतं.

हाताने, पकडीने, लाथांनी. खण उघडत नाही.

शनिवार, १६
मुकादमाच्या अंगावर धावून गेले. तो शांतपणे म्हणाला, बदली मिळाली ना, मग तक्रार कसली? जुना माल सोमवारी गाडीत, तिथून चुऱ्याच्या यंत्रात. मी किंचाळले, माल नाही, बहीण आहे माझी! म्हणाला, सगळे असंच म्हणतात. जुनी हवी तर आधी नवी परत कर.

हरामखोर!

मावशींनी गुपचूप एक स्टिकर हातात दिला. त्या म्हणाल्या, माझा मुलगा आता फार गुणी आहे, उलटून बोलत नाही — आणि ढसाढसा रडल्या.

रविवार, १७
स्टिकर बाहीवर तयार ठेवलाय, फक्त कारण लिहायचं बाकी. समोरून लावला तर उपटून टाकेल, पण ती पाठ फिरवतच नाही. जाईन तिथे तोंड माझ्याकडे. हसतेय. चीड येते नुसती! ओरडले, भांडी फेकली. ती जवळ आली, दमलीस गं म्हणाली, मला मिठी मारली, पाठीवरून हात —

बाहीवर स्टिकर नाही.

आरशात बघितलं. पाठीवर लाल. हात पोचत नाही. तिचं अक्षर सुबक — ‘कारण : फार चिडते’. बदलीवर फुली.

फोनवर आकडे आले. पाय आपोआप जिन्याकडे — थांबत नाहीत — कठडा धरला तरी —

वर खिडकीत दोघीजणी. दुसरी अगदी माझ्यासारखी. हसतेय. माझ्या तोंडावर असं हसू कधीच —

शेजारचा खण उघडलाय. ताई आतून दार बडवतेय. ओरडतेय, आत येऊ नकोस, पळ, गाढवे, एक काम धड —