टेलचं पाणी

प्रिय धम्माअक्का,

"मावशी, टेल म्हंजी शेपूट, मग तुमच्या गावाला टेल का म्हंतेत?" दिवाळीत तुझ्या राजनंदिनीनं विचारलेलं हे मला अजून नीट सांगता आलेलं नाही. बी.ए.ला इंग्रजी घेऊनसुद्धा. मी तिला ट्रॅक्टरचा टेल लाईट दाखवला, नाणं उडवून हेड-टेल शिकवलं. मग सांगितलं, की कालव्यातून फुटलेल्या चारीचं पाणी तुमच्या शिवारात शिरतं ते हेड, आमच्या शिवारात संपतं ते टेल. तर म्हणते कशी, "पर संपायला आधी यावं तर लागतंय की."

यंदा कालव्याला दोनदा पाणी सुटलं, आपल्यापर्यंत थेंब नाही. हरभरा घाटे भरायच्या आधीच पिवळा पडायलाय. बाबा रोज चारीत उतरून मातीला हात लावून येतात. "शेक्रेटरीबाई, तुमची संस्था काय म्हनती?" असं मला चिडवतात. शिकलेली म्हणून मला पाणी वापर संस्थेची सचिव केलं. आधी टेलला पाणी द्यायचं, हा नियम मी बैठकीत वाचून दाखवते. सगळे माना डोलावतात आणि चहा पितात. अध्यक्ष माणिकराव म्हणतात, "पोरी, दम धर. टेल हाय ते."

तुझं लग्न ठरलं तेव्हा मायनं गल्लीभर सांगितलं होतं, पोरीला पाण्याचं घर मिळालं. मागच्या बाजारी तू पाठवलेली मेथी ताटात आली आणि बाबा न जेवताच उठले. हे तुला कुणी सांगितलं नसेल.

गेल्या आठवड्यात मी चारीच्या कडेनं वर चालत आले. चारीत जागोजाग पाणी उपसायच्या मोटारींचे पाइप सोडलेले, सगळे ओळखीच्यांचे. पहिला दाजींचा. तू बांधावरून हाक मारलीस, मी चहा प्याले आणि तशीच माघारी आले.

फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर हे सांगता आलं नसतं, म्हणून लिहितेय. आज सकाळी तू सासूबाईंना घेऊन पाथरीच्या दवाखान्यात गेलेली, हे मला माहीत होतं. घरचा सोडून दुसऱ्यांचे पाइप दाखवायचे, हे मला जमेना. म्हणून कालव्यावर पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याला आणून पहिला पाइप दाजींचाच काढायला लावला. पुढच्या पाइपापाशी माणसं जमली, आवाज चढले आणि पाटकरी गाडीला किक मारून निघून गेला. बाकीच्या मोटारी चालूच आहेत, अक्का. काढला तो एकट्या तुमचाच.

तुझीच,
सुकेशनी