खडकावरचा पिवळा कोट

प्रिय भिंगरी,

पत्र बघून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे, गुडघे सोडले तर, आणि गुडघ्यांचं पुराण तुला फोनवर ऐकवतेच. पत्र लिहायचं कारण एवढंच की फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. जेवलीस का, औषध घेतलंस का, बरं, ठेवते. एवढ्यात आपल्या मायलेकींचं संपतं. कागद काही मध्येच 'ठेवते' म्हणत नाही. मला तुझ्याकडे एक मागणं मागायचंय, पण त्याआधी बरंच सांगायचंय, तेव्हा चहा घेऊन बस. आणि शेवटचं पान आधी वाचू नकोस. लहानपणी प्रत्येक पुस्तकाचं वाचायचीस, मग गोष्टीत काही उरलं नाही म्हणून माझ्याशीच भांडायचीस.

बंदरात तशी खुशाली आहे. तिकीटखिडकीला नवा रंग लागलाय आणि आतल्या माणसाचा चेहरा मात्र जुनाच, आंबट. आपल्या खिडकीतून बेटं अजून दिसतात. तुझ्या पलंगावर मी आता इस्त्रीचे कपडे ठेवते, पण तो हलवलेला नाही. मी पाहुण्यांना बेटं दाखवते त्या लाँचवर नवा माईक आलाय. त्यात माझा आवाज असा काही घुमतो की मलाच स्वतःबद्दल आदर वाटायला लागतो. भुतं मात्र तीच आहेत. तुरुंगाच्या बेटावरची काळ्या कपड्यातली बाई अजून नवऱ्याच्या सुटकेची वाट बघत शेवटच्या पायरीवर बसते आणि तिथे पाय टेकवणाऱ्याचा घोटा धरते. जुन्या इस्पितळाच्या बेटामागे खोकणारा म्हातारा आहे, त्याचा खोकला ऐकू आला की बोट डावीकडे घ्यायची. दीपगृहावरचा स्वयंपाकी तर सगळ्यांचा लाडका. तो मागून येऊन विचारतो, "मीठ बरोबर झालंय का?" आणि भिडेखातर जो हो म्हणेल तो बेटावर कायमचा राहतो. आपली माणसं भिडस्त, म्हणून मी सगळ्यांना आधीच बजावते की ओहोटी लागायच्या आत मुकाट्यानं बोटीत येऊन बसा, चव कुणी सांगत बसू नका.

तुला मी हे काय सांगतेय, तुला ती माझ्याआधी पाठ होती. शेवटच्या पायरीवर शेवाळ आहे, म्हाताऱ्याच्या कपारीत पाणी शिरतं तिथे प्रवाह ओढतो, आणि दीपगृहाच्या धक्क्याला ओहोटीत बोट लागत नाही. धोका असेल तिथे एक भूत, ही या बंदराची जुनी रीत. नकाशा ऑफिसच्या भिंतीवर असतो आणि सुकाणू पाण्यात, मग लक्षात राहायचं कसं? म्हणूनच बाहेरून आलेला नवा सुकाणूवाला पहिल्यांदा माझ्या लाँचवर ठेवतात. पाहुण्यांबरोबर माझ्या गोष्टी ऐकत ऐकत तो बंदर शिकतो. कुणाला कुठून वळायचं हे वेगळं सांगावं लागत नाही.

यंदाचा सुकाणूवाला नदीवरच्या बंदरातून आलाय. भरघोस मिशा, कमी बोलणं, माणूस कष्टाळू. माझी सगळी भुतं त्यानं मन लावून ऐकली. स्वयंपाक्याला तर तो मनापासून घाबरतो. मागच्या आठवड्यात दुपारी धुकं उतरलं आणि पाणी ओसरत होतं. बोटीत निवृत्त मंडळींचा एक मोठा गट होता, त्यांना लवकर परतायचं होतं. तर यानं तुरुंगाचं बेट आणि इस्पितळाचं बेट यांच्यामधून सरळ वाट धरली.

तू आता कप खाली ठेवला असशील. हो, तिथूनच. बाबांच्या खडकावरून.

त्या टप्प्याला मी नेहमी माईक ठेवते आणि आत जाऊन चहाचं बघते. इतकी वर्षं कुणी मला त्याबद्दल विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तो खडक कुणाला सांगावा लागतो थोडाच, असंच मला वाटायचं. हातात चहाची किटली होती आणि खालून खरवडल्यासारखा आवाज आला. मी तो आवाज याआधी कधीच ऐकला नव्हता, पण मला लगेच कळलं. बोट एका अंगावर कलली आणि थांबली. बाहेर माणसं ओरडत होती आणि त्यांच्याकडे बघायच्या आधी मला हेच सुचलं की बाबांना शेवटी हेच ऐकू आलं असेल.

कुणाला काही झालं नाही, काळजी करू नकोस. तळाची एक फळी गेली, पाणी घोट्याएवढं आलं, पंप चालला. मी माईक हातात घेऊन सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावली. एका आजींनी शांतपणे विचारलं, "अहो, हे तिकिटात धरलंय का?" सगळे हसले, आणि त्या हसण्यावरच आम्ही तरलो. थोड्या वेळानं इंजिनवाले काका ओढबोट घेऊन आले. आठवतात ना, बाबांचे मित्र, कानावर पेन्सिल खोचणारे? आल्या आल्या ते सुकाणूवाल्यावर तुटून पडले. "डोळे फुटले होते का तुझे? पिवळा कोट माहीत नाही तुला?" तो बिचारा म्हणाला, "कुठला पिवळा कोट?" आणि काकांची नजर माझ्यावर गेली. त्यांनी तोंड असं मिटलं की जीभच चावली असेल. त्यांच्या बोटीवरचे सगळेच एकाएकी दोरखंडांत फार गुंतले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांचं वर्कशॉप गाठलं आणि स्टूल ओढून समोर बसले. म्हटलं, सांगितल्याशिवाय मी उठत नाही, माझ्या गुडघ्यांना तसंही उठायचं नसतं. चिंधीनं एकच पाना पुसून पुसून त्यांनी चांदीचा केला आणि मग म्हणाले, "वहिनी, तुमच्यासमोर कसं बोलणार? म्हणून तुमच्या बोटीवर कुणी बोललं नाही. सगळ्यांनी ठरवून."

तर भिंगरे, या बंदरातल्या प्रत्येक बोटीवर माझ्या नवऱ्याची गोष्ट सांगतात आणि गोष्टी सांगून पोट भरणाऱ्या मला तेवढी ठाऊक नाही. सगळ्या बंदराची अळीमिळी गुपचिळी. मी दुकानात शिरले की गप्प, धक्क्यावर आले की गप्प. माझं मन राखायला! आणि त्या मन राखण्यापायी नव्या माणसाला नेमकं तेच वळण कुणी शिकवलं नाही. मला आधी इतका राग आला की पाना काकांच्या डोक्यात घालावासा वाटला. माझं माणूस, आणि त्याचं भूत करून ठेवलं या लोकांनी. मग मी म्हटलं, सांगा तरी काय ती.

त्यांनी सांगितली ती अशी. ओहोटीला त्या खडकावर एक माणूस उभा असतो. अंगात पिवळा रेनकोट. बटणं चुकलेली, काजाचं एक घर सोडून लावलेली, त्यामुळे कोटाची एक बाजू खाली लोंबते. तो डाव्या हातानं खुणा करतो. बोलवायला नाही, लांब जा म्हणायला. बोट वळेपर्यंत तो हात हलवत राहतो. बोटीवरच्यांनी वळून त्याला उलट हात केला, की मगच तो खाली बसतो, कारण त्याचे पाय दुखतात. म्हणून तिथून जाणारी प्रत्येक बोट लांबून वळते आणि बोटीवरचे झाडून सगळे हात करतात. काकाही करतात, त्यांचे मिशाळ खलाशीही करतात. बाबा गेले तेव्हा त्या खडकाला भूत नव्हतं. आदल्या वादळात वाळू सरकून तो नुकताच उघडा पडला होता, बाबांना सांगणार कोण? त्यानंतर मात्र तिथे कुणाची बोट लागली नाही. पहिली लागली ती माझी.

गोष्ट कुणी काढली, असं मी विचारलं. काका म्हणाले, आता कोण लक्षात ठेवतो, पण आधी ती पोरांच्या शाळेच्या लाँचवर ऐकू आली होती. घरी येऊन दार उघडलं, दारामागची बाबांच्या कोटाची खुंटी बघितली आणि तिथेच जमिनीवर बसले.

बाबा कोट घालताना रोज दुसऱ्या घरापासून सुरुवात करायचे. रोज मी दारात त्यांना थांबवून सगळी बटणं काढायची आणि पुन्हा लावायची, आणि ते वर बघत शीळ घालायचे. बंदरावर कुणी त्यांना चुकलेल्या बटणांत पाहिलंच नाही, कारण घरातून ते नीटच निघायचे. त्या शेवटच्या सकाळी, धक्क्यावर कुणी यायच्या आत ते निघाले तेव्हा, मी मात्र माझ्या बहिणीकडे होते, तिच्या बाळंतपणाला. घरात तू होतीस. ते सापडले तेव्हा अंगात कोट नव्हता, आणि तो नंतरही मिळाला नाही. म्हणजे त्या दिवशी कोट कसा घातला होता हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. दारात उभं राहून त्यांना निरोप देणाऱ्या माणसाला.

तू रडली नाहीस तेव्हा. आत्या म्हणाली, पोरगी दगड आहे. मी तोंडानं काही बोलले नाही, पण माझ्याही मनात आलं होतं, ते आज सांगते. आणि तू तेव्हा शाळेच्या लाँचवर बसून, दप्तर मांडीवर घेऊन, एकेका पोराला ही गोष्ट सांगत होतीस. पोरांनी आपापल्या बापांना सांगितली. कुणाच्या दारात अशी बातमी पुन्हा येऊ नये म्हणून तू तुझ्या बापाला त्या खडकावर उभं केलंस, आणि ते दमतील म्हणून बसायचीही सोय केलीस. मला बाई, इतकं रडू आलं! पलंगावरचे इस्त्रीचे कपडे घेतले, त्यांनीच डोळे पुसले.

मग तू मोठी झाल्यावर धक्क्यावर जे म्हणालीस तेही आठवलं. मेलेल्या माणसांवर पोट भरतेस, म्हणालीस, बॅग उचललीस आणि गेलीस. मला ते फार लागलं होतं. आता वाटतं, ते तुझं तुलाच डाचत असणार. आपण बाबांचं भूत केलं आणि आईला कळलं तर काय, या धास्तीनं तू घर टाकलंस, दर सुट्टीला नवी सबब शोधलीस. आणि त्याखाली आणखीही एक असेल असा मला संशय आहे. आईनं बटणं नीट लावली असती, मी नाही लावली. असं काही तुझ्या मनात असेल तर आजच काढून टाक. मी इतकी वर्षं त्यांची बटणं लावली, मला विचार. नीट लावलेल्या बटणांनी कुणी तरंगत नाही, बाळ. पाण्यात खडक होता, बाकी काही नाही. तू दारात त्यांना हसून निरोप दिलास ना? त्यांच्या वाट्याला तेवढं तरी आलं, यासाठी मी तुझी ऋणी आहे.

आता मागणं. लाँचची फळी बदलून झाली, नवा मोसम लवकरच सुरू होतो. मालक म्हणतात, आता ही गोष्ट तुमच्याही माईकवर आली पाहिजे, निदान सुकाणूवाल्यासाठी तरी. मलाही पटतं. पण दुसऱ्याची गोष्ट त्याला न विचारता मी सांगत नाही, आणि काकांकडून ऐकलेली मला पुरत नाही. पहिल्या फेरीला तू ये. त्या टप्प्याला मी चहा करायला आत जाणार नाही, तुझ्या शेजारी उभी राहीन. माईक तू घे, एकदा माझ्यासमोर सगळी सांग, मी ऐकून पाठ करीन. काल काकांच्या बोटीतून मी तिथवर जाऊन आले. सगळ्यांनी हात केला, मीही केला, पहिल्यांदाच. पण माझे डोळे भरले होते, त्यामुळे ते खाली बसले की नाही ते मला दिसलं नाही. तेवढं तू येऊन बघ. पलंगावरचे कपडे मी आज कपाटात ठेवतेय.

तुझीच,
आई