भागूबाईची ओवी

॥ श्री ॥
बोरवाडी, ता. फुलंब्री
६ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. मेघास, मावशीचे अ. उ. आ. वि. वि.

दसऱ्याला येऊन गेलीस आणि घर भकास झालं. काका रोज विचारतात, नाचरी पोरगी पुन्हा कधी येणार. फोन करत नाही, कारण फोनवर तू हो मावशी, ठेवते मावशी म्हणतेस आणि खरंच ठेवून देतेस. कागद निदान शेवटपर्यंत वाचावा लागतो. अंगणवाडीतून सुटले तरी लिहायची खोड गेली नाही माझी.

बायकांचं सांगते. शहरातल्या लोककला महोत्सवात आपला पंचमीचा फेर न्यायचा असं तू म्हणालीस तेव्हा सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. आता गीताबाई रोज ओट्यावर येऊन विचारते, स्टेजवर चपला घालून जायचं का काढून. पंचमीची गाणी श्रावण सोडून तोंडात आणू नयेत असं आपल्याकडं मानतात, म्हणून काहीजणी कचरत होत्या. मी म्हणाले, आपली लेक म्हणती, नागोबा काही रागवायचा नाही. माझ्या शब्दावर आल्या बघ. हिरवी लुगडी नेसायची यावर भांडण न होता एकमत झालं, हा तर चमत्कारच.

भागूबाईला मात्र लई अवघड गेलं. तिची सोनी सासरी काविळीनं गेली, आणि भाऊ पंचमीला मुऱ्हाळी होऊन तिला आणायला गेला तेव्हाच ते कळलं, हे तुला ठाऊक आहे. तेव्हापासून ती फेरात एकच ओवी म्हणते आणि आपण सगळ्या हात न सोडता, पाय थांबवून उभ्या राहतो.

मुऱ्हाळी गेला बाई, सोनीच्या गं गावा
रिकामी आली गाडी, कुणा पुसू ठावा

बाकीची गाणी तू आम्हा सगळ्यांकडून आधीच मोबाईलवर भरून घेतली होतीस, पण फेराबाहेर तिनं ही कधी म्हटली नव्हती. नवऱ्यापुढंसुद्धा नाही. तू तिच्या पायाशी बसलीस, मोबाईल मांडीवर ठेवलास आणि म्हणालीस, मागं कोरसला उभ्या राहणाऱ्या माझ्या नाचाच्या क्लासच्या मुलींना चाल कळावी म्हणून भरून घेते, बाहेर कुणाला ऐकवणार नाही. तेव्हा भागूबाईनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मग ती म्हणाली. नंतर तुझ्या गालावरून हात फिरवून बोलली ते तू ऐकलंस का नाही कोण जाणे. सोनी असती तर हिच्याएवढी असती, असं बोलली.

ऋतुरावांना आशीर्वाद. डबा वेळेवर देत जा त्यांना. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
रत्नमाला मावशी


चिकलठाणा
८ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. मावशीस, मेघाचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. क्लासच्या मुली, त्यांच्या आया, ऋतुराजची कंपनीतली पाळी, दिवस कुठे जातो कळत नाही.

एक वाईट बातमी आहे. महोत्सव पुढे ढकलला आहे. आयोजकांची काहीतरी अडचण आहे, नीट सांगत नाहीत. त्यामुळे येत्या आठवड्यात तुम्हाला न्यायला गाडी येणार नाही. भागूकाकूंना आणि गीताबाईंना तूच समजावून सांग, तुझं ऐकतील. लुगडी जपून ठेवायला सांग, पुढे कधीतरी उपयोगी पडतील.

तू इकडे यायची तसदी घेऊ नकोस. मी सध्या घरी सापडणार नाही. काकांचा गुडघा कसा आहे? तेल पाठवते. माया अशीच राहू दे.

तुझी,
मेघा


बोरवाडी
२५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. मेघास, अ. उ. आ. वि. वि.

तेल मिळालं. काका गुडघ्याला कमी आणि डोक्याला जास्त लावतात.

बायका हिरमुसल्या. गीताबाईनं सुनेकडून केसांना कलप लावून घेतला होता. ती म्हणते, तो पुढं ढकलता येत नाय. सगळ्यांत जास्त हायसं वाटलं ते भागूबाईला. तिनं निरोप दिलाय, की आता नाचायचंच नाही तर तो मोबाईलमधला आवाज पुसून टाक. पुसलास का? तेवढं कळव. ती रोज विचारती.

परवा खुलताबादला सोयऱ्यांकडं गेले होते. त्यांची सून म्हणाली, तुमच्याकडच्या फेराचा कार्यक्रम लई गाजला म्हणं शहरात. मी म्हणाले, दुसऱ्या कुणाचा असेल, आमचा तर अजून व्हायचाय. लोकं काहीही ऐकतात.

पौषाआधी एकदा येऊन जा. शेंगा निघाल्यात. लोभ वाढता ठेव.

तुझी,
मावशी


बोरवाडी
१७ फेब्रुवारी २०२६

मेघा,

परवा आठवडी बाजारात काय झालं ते लिहिते. फोन तू उचलत नाहीस.

मी आणि भागूबाई फुलंब्रीला गेलो होतो. रस्त्यावरून वरात चालली होती. पुढं गाडीवर मोठाले कर्णे, मागं पोरं नाचत होती. आम्ही मेथी घेत होतो. भागूबाईच्या हातातली जुडी तशीच राहिली. मला वाटलं चक्कर आली. ती म्हणाली, माझा आवाज हाय.

तिचाच होता. मुऱ्हाळी गेला बाई, सोनीच्या गं गावा. खाली धाडधाड ताल. आणि सोनी, सोनी, सोनी, असं नावच कापून पुन्हा पुन्हा वाजवत होते. त्या नावावर पोरं शिट्ट्या मारत होती. एकजण रुमाल दातात धरून लोळत होता. भागूबाई गर्दीत शिरली आणि त्या गाडीवाल्याला म्हणू लागली, बंद कर बाबा, ती माझी लेक हाय, ती मेली हाय. त्याला ऐकू गेलं नाही. त्याला वाटलं म्हातारी नाचायला आली. त्यानं हात धरून तिला मधी ओढलं.

मी तिला कशी बाहेर काढली ते मला माहीत.

घरी आल्यावर गीताबाईच्या नातवानं मोबाईलवर सगळं शोधून दाखवलं. महोत्सव नोव्हेंबरातच झालाय. तुझ्या क्लासच्या मुली हिरव्या लुगड्यात आहेत. आमच्या सगळ्यांचे आवाज आहेत आणि आमच्यातली एकही बाई नाही. भागूबाईच्या ओवीला त्या पोरी गिरक्या घेतात आणि हसतात. तू लहानपणापासून त्या फेरात उभी राहिली आहेस मेघा. तिथं पाय थांबतात हे तुला ठाऊक होतं.

ढकलला म्हणालीस. मी ओट्यावर उभी राहून तेच सगळ्यांना सांगितलं. आता त्या म्हणतात, रत्नमाला खोटं बोलली.

उत्तर दे.

रत्नमाला


चिकलठाणा
२४ फेब्रुवारी २०२६

ती. स्व. मावशीस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रडले. तुला ते खरं वाटणार नाही.

वरातीतलं गाणं मी केलेलं नाही, शपथ घेते. आवाज आयोजकांच्या साउंडवाल्याकडे दिला होता, त्याच्याकडून तो कुणी घेतला मला माहीत नाही. काढून टाका म्हणून मी त्यांना सांगितलं आहे. ते म्हणतात आता किती जणांकडे गेलं असेल, कुठून कुठून काढणार.

महोत्सवाबद्दल मी चुकीचं लिहिलं हे कबूल. पण माझी बाजू समजून घे. त्यांना ठसठशीत, चपळ नाच हवा होता. आपल्या बायका गोल फिरतात, तेच तेच पाऊल टाकतात, गावात ते छान दिसतं, पण एवढ्या मोठ्या रंगमंचावर पाच मिनिटांत लोक उठून गेले असते. मुलींची नावं मी भाद्रपदातच कळवली होती, ऐनवेळी बदलणं माझ्या हातात नव्हतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून पुढे ढकलला असं लिहिलं. आणि ती ओवी इतकी सुंदर आहे मावशी, सभागृहात लोकांच्या अंगावर काटा आला. ती गावात एका ओट्यापुरती राहावी का?

या कार्यक्रमामुळे मला पहिल्यांदा कुणीतरी ओळखायला लागलं आहे. आई असती तर तिला अभिमान वाटला असता. तू आईच्या जागी आहेस. मला परकी करू नकोस. पूर्वीसारखाच जीव लाव.

तुझीच,
मेघा


बोरवाडी
५ मार्च २०२६

मेघास आशीर्वाद.

पत्र काकांनी मोठ्यानं वाचलं आणि भाद्रपदावर येऊन थांबले. मी म्हणाले, पुन्हा वाचा.

मुलींची नावं तू भाद्रपदात दिलीस. मग दसऱ्याला इथं कशासाठी आली होतीस? आमच्याबरोबर बसून लुगड्याचा रंग ठरवलास. गीताबाईला डावा पाय आधी टाकायला शिकवलंस. तिच्या हातच्या पुरणपोळ्या खाल्ल्यास. आणि ह्यातली एकही बाई तिथं जाणार नाही हे तुला तेव्हाच माहीत होतं. नुसतं आवाज दे म्हटलं असतं तर भागूबाईनं तोंड उघडलं नसतं. म्हणून तू सगळ्यांना नेते म्हणालीस. असंच ना? मी फार विचार केला, दुसरं काही सापडलं नाही.

ओवी ओट्यापुरती राहावी का, असं विचारतेस. ते भागूबाईनं ठरवायचं होतं.

तुझ्या आईचं नाव मधे आणू नकोस. ती गेली तेव्हा तुला पहिल्या पंचमीला भागूबाईनं फेरात उचलून घेतलं होतं, कारण तुझा हात कुणाच्या हातापर्यंत पोचत नव्हता.

इथं माझ्याकडं आता कुणी बसायला येत नाही. गीताबाई सत्यनारायणाला आली, कुंकू लावलं, प्रसाद घेतला आणि उंबऱ्यावरूनच गेली. सगळ्यांना वाटतं मावशी-भाचीनं मिळून केलं. भागूबाईनं दार लावून घेतलंय, तिचा मुलगा म्हणतो ती रेडिओसुद्धा लावू देत नाही.

माझं एवढंच म्हणणं आहे. तू इथं ये. बायकांपुढं उभी राहा आणि मावशीला यातलं काही माहीत नव्हतं एवढं एक वाक्य बोल. बाकी तुझं तू बघ.

रत्नमाला मावशी


चिकलठाणा
२ एप्रिल २०२६

ती. स्व. मावशीस, सा. न. वि. वि.

फोनवर येते म्हणाले होते पण जमत नाही. मुलींना बाहेरगावची तीन-चार बोलावणी आली आहेत. ती ओवी आता आम्ही काढून टाकली आहे, भागूकाकूंना सांग. पंचमीला नक्की येते, तेव्हा सगळ्या एकत्र भेटतील, बोलणं सोपं जाईल. तोवर मनात ठेवू नकोस.

तुझी,
मेघा


बोरवाडी
२० ऑगस्ट २०२६

मेघास आशीर्वाद. वि. वि.

पंचमीला तू आलीस आणि गेलीस. गेल्यानंतरचं तुला ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

आधी तुझ्यासमोरचं. वारुळाला लाह्या वाहून बायका लिंबाखाली जमल्या होत्या. मी घरातच होते, मला कुणी बोलावलं नव्हतं. तू गाडीतून उतरलीस म्हणून मी तुझ्यामागं आले. तू माफी मागितलीस, छान बोललीस. आयोजकांचं बोललीस, साउंडवाल्याचं बोललीस. मग गीताबाईनं सरळ विचारलं, की रत्नमालाला ठाऊक होतं का नव्हतं. मी तुझ्या तोंडाकडं बघत होते. तू खाली बघितलंस. मावशीला काय, मावशी माझ्या बाजूनं असतेच, असं काहीतरी पुटपुटलीस आणि बांगड्या सारख्या करत राहिलीस.

एक वाक्य मागितलं होतं, मेघा. तुला वाटलं असेल, दोष दोघींत वाटला गेला की हलका होतो. माझ्यावर टाकलेलं मी निमूट घेईन हेही तुला माहीत होतं. आजवर तसंच झालंय.

मग तुला फोन आला आणि तू निघालीस. गाडी वळली. मी घराकडं चालू लागले. एवढ्यात मागून कुणीतरी दंड धरला. भागूबाई होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बाहेर आली होती. गीताबाईला म्हणाली, हिला ठाऊक असतं तर बाजारात त्या गर्दीत शिरून हिनं मला बाहेर काढलं नसतं. पोरं हिला तुडवत होती तरी माझा हात सोडला नाय. एवढं बोलली आणि मला ओढत फेरात नेलं. गीताबाईनं दुसरा हात दिला. लगेच दिला असं नाही. पण दिला.

फेर धरला. गाणी झाली. भागूबाईची जागा आली तेव्हा नेहमीसारखे सगळ्यांचे पाय थांबले. ती काही म्हणाली नाही. ओठसुद्धा हलले नाहीत. आम्ही तशाच उभ्या होतो. मग तिनंच पुढचं पाऊल टाकलं, म्हणून आम्ही टाकलं. घरी येताना मला म्हणाली, आता ते तोंडात येतं तेव्हा त्या कर्ण्यातलंच ऐकू येतं. माझं राहिलं नाय ते.

ओवी काढून टाकली असं तू लिहिलं होतंस. तुझ्या नाचातून निघाली असेल.

काका म्हणतात पोरीला दार बंद करू नकोस. दार बंद नाही. तू बहिणीची लेक आहेस, येशील तेव्हा साडीचोळी होईल, जेवून जाशील. मला काम करताना गुणगुणायची सवय आहे, तुला माहीत आहे. तू घरात असशील तोवर मी गप्प राहीन. तुझ्यासमोर या गावात कुणी गाणार नाही.

ऋतुरावांना आशीर्वाद सांग. प्रकृतीस जप.

रत्नमाला