आधी जेवून घ्या

४ नोव्हेंबर
आजपासून लेखन. महिनाअखेर कादंबरी प्रकाशकाच्या टेबलावर. त्याला फोनवर सांगूनही टाकलं. तो म्हणाला, बरं. विश्वास बसलेला दिसतो.
माझी टायपिस्ट, म्हणजे बायको, गेल्या वर्षी गेली. म्हणून एआय. लेकीने लॅपटॉपवर सगळं जुळवून दिलं. माझ्या तिन्ही छापील कादंबऱ्या त्याला वाचायला घातल्या. आता यंत्र माझ्यासारखं लिहील. मी देखरेख करायची.

६ नोव्हेंबर
पहिल्या प्रकरणाचा माझा खर्डा यंत्राला दिला. बावीस पानं, त्यात ढगांचीच सहा. परत आली पाच. ढग गायब.
बायकोही टाइप करताना गाळायची. बोटं दुखत असतील म्हणून मी कधी बोललो नाही. याला कुठली बोटं?

९ नोव्हेंबर
पाच पानं वाचली. बरी आहेत. शैली माझीच, त्यामुळे.
एक खोट. इन्स्पेक्टर खुन्याच्या घरी पोचतो, तर खुन्याची आई त्याला म्हणते, "आधी जेवून घ्या." हे मी लिहिलेलं नाही. काढलं.

१० नोव्हेंबर
दुसऱ्या प्रकरणात वकील अशिलाला म्हणतो, आधी जेवून घ्या. तिसऱ्यात कारकून डॉक्टरला. तेही शवागारात.
यंत्राला ताकीद दिली. यापुढे कुणी कुणाला जेवायला सांगणार नाही. त्याने माफी मागितली. वळण चांगलं आहे.

११ नोव्हेंबर
चौथं प्रकरण. कुणी काही म्हणत नाही. फक्त शेवटी रिकाम्या खोलीत, टेबलावर, एक ताट झाकून ठेवलेलं.
ताटालाही बंदी घातली. लॅपटॉप मिटला. खोलीचं दार उघडंच ठेवलं. हवेसाठी.

१३ नोव्हेंबर
लेक आली. यंत्र बिघडलंय, म्हटलं. ती पानं वाचत हसली. मग हसायची थांबली. विचारलं, छापून आल्यावर तुम्ही स्वतःची पुस्तकं कधी वाचलीत का? मी म्हटलं, तो अहंकार झाला असता.
तिने तिन्ही पुस्तकं काढली. एकेका ओळीवर बोट ठेवलं. तिन्हींत तेच.
मुद्रणदोष, मी म्हटलं.
"बाबा, आई दारात उभी राहून हाका मारायची. तुम्ही म्हणायचात, हे वाक्य संपवून येतो. शेवटी तिने पुस्तकातच टाइप केलं. तिथे तरी वाचाल म्हणून."
लेक भावनाप्रधान आहे. आईवर गेली आहे.

१५ नोव्हेंबर
यंत्र बंद. स्वतः लिहिलं. ढगांपासून सुरुवात. गाळायला कोणी नाही. सलग अकरा पानं.
वाचता वाचता डोळा लागला. हवा जड आहे.

१८ नोव्हेंबर
यंत्र पुन्हा सुरू केलं. केवळ वेळ वाचावा म्हणून. शेवटचं प्रकरण दिलं. नीट बेतून आलं. ढग नाहीत. ती ओळही नाही. ताट नाही. दोनदा शोधलं.
ताकीद मागे घेतो, असं कळवलं. ती ओळ पुन्हा येऊ दे.
लगेच आली. इन्स्पेक्टर दारात उभा, आणि खुन्याची आई म्हणते, "कृपया आपण प्रथम भोजन करून घ्यावे."
असं नाही, म्हटलं. त्याने माफी मागितली. आणखी पाच पर्याय दिले. पाचही व्याकरणशुद्ध.
चार वाजले. अजून जेवलेलो नाही. हे वाक्य संपवून उठतो.