जमिनीवर पालथा

७ ऑगस्ट, गुरुवार
कंबर गेली! मशिनवरून उठायला गेलो तो अर्ध्यातच अडकलो. डावा पाय पोटरीपर्यंत पेटलेला. अबेनीने धरून दवाखान्यात नेलं. नवरा मोडला तरी बायकोचं तोंड सुरूच—“सांगत होते, अधूनमधून उठत जा!” मणक्यातली गादी सरकलीय म्हणे. जन्मभर वाकून लोकांचे झगे शिवल्याचं बक्षीस.

व्यायाम शिकवणारी एनिओला आमच्या लेकीच्या, मोरेनिकेच्याच वयाची. आधी गुडघे टेकून रीतसर नमस्कार, आणि लगेच हुकूम—“बाबा, पालथे झोपा. आता हातांवर छाती उचला. कंबर खालीच सोडा. आणि पुढे वाकणं बंद!”

शिंप्याला सांगते, वाकू नका.

१० ऑगस्ट
मेलो. पण करतोय. एनिओला म्हणते, कळ पोटरीतून वर सरकत कमरेत आली की उतार पडतोय समजा. माझी अजून पोटरीतच मुक्काम ठोकून आहे.

१२ ऑगस्ट
मोरेनिकेचं लग्न ऑक्टोबरात. घराण्यातल्या मोठ्याची खुर्ची रिकामी ठेवून मुलगी कशी द्यायची? आणि ती खुर्ची आकानबीदादांची.

बाबांच्या दुकानात आम्ही दोघे एकाच बाकावर वाकून शिवण शिकलो. आता आई गेल्यापासून बोलणं नाही. आई माझ्याजवळ राहायची, इथे इबादानात. दादांनी मला न विचारता तिला आपल्या गावी, ओग्बोमोशोला नेऊन पुरलं. ते अजून टोचतं.

अबेनी आज भडकली. “धाकट्याने पालथं पडून माफी मागितल्याशिवाय ते उंबरा चढायचे नाहीत. रोज सकाळ-संध्याकाळ फरशीसमोर लोटांगण घालता! एकदा भावासमोर घातलंत तर कंबर मोडेल?”

चूक त्यांची, आणि पालथा मी? नाही!

१७ ऑगस्ट, रविवार
काय होऊन बसलं हे!

वीज नव्हती म्हणून दार सताड उघडं. मी बैठकीत व्यायाम करत होतो. चपलांचा आवाज आला. हातांवर छाती उचलली तर नाकासमोर निळ्या झग्याची किनार. वर पाहिलं—दादा! मागे मोरेनिके. पोरगी गुपचूप जाऊन त्यांना घेऊन आली होती.

दादांचे डोळे भरले. “पुरे, टुबोसुन. पुरे झालं. येतो मी लग्नाला.”

मी तोंड उघडलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. “घाईने उठू नकोस. आधी कुशीवर हो.”

कुशीवर होऊन उठलो. दादा सोफ्यावर बसेनात, लाकडी खुर्चीच मागितली. अमालाचा गोळा रश्शाबरोबर दोनदा मागून खाल्ला, अबेनीची थट्टा केली—“सूनबाई, अजून तिखटाचा हात आवरत नाही वाटतं!” अगदी पूर्वीसारखं.

१८ ऑगस्ट
पण मी माफी मागितलीच नव्हती!

अबेनी म्हणाली, “हे दादांना सांगितलंत तर याद राखा.” मोरेनिके गाणं गुणगुणत घरभर फिरतेय. दादा आले याचा मला आनंद झाला, फार झाला. म्हणूनच चोरल्यासारखं वाटतंय.

२२ ऑगस्ट
कळ कमरेत आली! पाय मोकळा.

उद्या ओग्बोमोशो. खरं ते सांगून टाकणार. अशा फसवणुकीवर मुलीचं लग्न नको. लग्नाला येत नाही म्हणाले तर—काय करणार? मोरेनिकेच्या तोंडाकडे बघवत नाहीये. अबेनीला सांगितलंय, बटणं आणायला चाललोय.

२३ ऑगस्ट, शनिवार
दादांचं दार उघडंच होतं. ते चटईवर पालथे. हातांवर छाती उचललेली, कंबर खाली सोडलेली.

मला पाहून दचकले नाहीत. “ये. दुसरं वर्ष चालू आहे माझं. बाक एकच होता ना आपला! कळ वर आली का तुझी?”

“दादा, मग त्या रविवारी तुम्हाला—”

“दारातच कळलं. कोपरं फार बाहेर जातात तुझी, जवळ घेत जा.” कुशीवर होऊन ते उठून बसले. मग म्हणाले, “आईच्या वेळी तुला विचारायला हवं होतं मी.”

मी चपला काढल्या आणि त्यांच्यासमोर पालथा पडलो. छाती उचलली नाही.