मैदानातल्या मिरच्या

आई,

यंदा मिरच्या मैदानात वाळत घातल्या. आपल्याच, चाळीसमोरच्या मैदानात. तू गेलीस त्याला विसाहून जास्त वर्षं झाली आणि एवढी वर्षं मी विकतचा मसाला खात होते, हे तुला तोंडावर सांगायची माझी छाती झाली नसती. आता निवृत्त झाले, वेळच वेळ आहे, म्हणून लालबागेतून बेडगी आणि संकेश्वरी आणली, बसून देठं काढली, आणि मग लक्षात आलं की घरात ऊन नाही. चाळ पाडून आम्हाला सातव्या मजल्यावर जागा मिळाली खरी, पण पुढ्यात उभ्या राहिलेल्या टॉवरने सूर्यच अडवलाय. गच्चीला कुलूप, किल्ली सोसायटीकडे, आणि सोसायटीला मिरचीचा ठसका चालत नाही. तेव्हा एक जुनी चादर काखोटीला मारली आणि खाली उतरले.

तू कशी बसायचीस ते मला लख्ख दिसतं. एप्रिल लागलाय, चादरीच्या चार कोपऱ्यांवर तू चार दगड ठेवतेस, छत्री उघडून बाजूला बसतेस आणि दुपारपुरता तेवढा तुकडा तुझा होतो. पलीकडे कुणाच्या गोधड्या, कुणाचे पापड. सकाळी व्यायामशाळेतली मुलं दंड काढून गेलेली असतात, चारनंतर क्रिकेट, दिवेलागणीला गिरणीची पाळी सुटलेले बाबा आणि त्यांचे दोस्त. कुणाची वेळ कुठली हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. सुट्टीच्या दिवशी मात्र पोरं दुपारीच खेळायला यायची आणि चेंडू नेमका मिरच्यांत पडायचा. तू तो मुठीत दाबून धरायचीस. "बॉल व्हयो? मगे पयली मिरची परतून दी." बिचारे परतायचे, त्याच हाताने डोळे चोळायचे, आणि सगळी टीम नाक ओढत उभी असताना तू एकेकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचीस. पुढच्या वर्षी त्यांनी आपणहून स्टंप दुसऱ्या टोकाला रोवले.

मी तेव्हा कॉलेजात होते. एकदा दादरची एक मैत्रीण घरी यायला माझ्यासोबत निघाली आणि वाटेत तू, पदर खोचून, मिरच्यांच्या राशीपाशी. मी जवळ येऊन हळूच म्हटलं, "आई, लोक बघतात गं." तू वरसुद्धा पाहिलं नाहीस. "बघूंदेत. वत काय तेंच्या बापाशीचा?" एवढंच बोललीस आणि मैत्रिणीदेखत छत्री माझ्या हातात देऊन पाणी प्यायला घरी गेलीस. ऊन कुणाच्या बापाचं नसतं हे मला तेव्हाही पटलं होतं, पण तुझा राग फार आला होता.

आता त्या मैदानाला उद्यान म्हणतात. कडेने चालण्यासाठी लाल पट्टा आहे, सकाळी त्यावर टॉवरमधली माणसं घड्याळ बघत चालतात, संध्याकाळी त्यांची कुत्री फिरतात. दुपारी मात्र वेगळेच लोक असतात. घरकामाच्या बायका झाडाखाली डबे उघडतात, डिलिव्हरीवाले बाकावर पाठ टेकतात, माहीमची एक कोळीण टोपली रिकामी करून पाय पसरून बसते. मी चादर पसरली तेव्हा तिनेच सरकून जागा दिली. जेवायला घरी जायचं म्हटलं की म्हणायची, "जा गो, मी हाय." परतून आले की मिरच्या उलटवलेल्या असायच्या.

दुसऱ्या दिवशी उद्यान समितीचे एक गृहस्थ वॉचमनला घेऊन आले. वॉचमन बिचारा जमिनीकडे बघत होता. गृहस्थांनी मला फाटकावरची पाटी वाचून दाखवली, येथे कपडे व मिरच्या वाळत घालू नयेत. मग समजुतीने म्हणाले, "आंटी, ही पब्लिक जागा आहे."

"म्हणूनच इथे आले," मी म्हटलं.

त्यांनी फोटो काढला. तिसऱ्या दिवशीही मी गेले, चौथ्याही. मिरच्या कडकडीत वाळल्या, डंकावर कुटूनही आणल्या. आता समितीला माझ्याकडून दोन ओळींचं माफीपत्र हवंय, म्हणजे विषय मिटेल. विषय कसा मिटणार तेही मला कळलंय. ते पत्र जोडून त्यांना महापालिकेकडे अकरा ते चार फाटक बंद ठेवायचा अर्ज करायचा आहे, एका रहिवाशाने दुपारचा गैरवापर कबूल केला म्हणून. म्हणजे माझ्या सहीने त्या कोळणीला आणि डबेवाल्या बायकांना बाहेर काढायचं. मी सही करणार नाही. तक्रार करायची तर खुशाल करा, मी तिथेही जाऊन बसेन. आणि उद्या दुपारी गोधडी घेऊन जाणार आहे, बघू कोण उचलतं.

त्या माफीपत्रासाठी घेतलेल्या कागदावर तुलाच लिहीत बसले. तू वाचणार नाहीस आणि दुसऱ्या कुणाला मी हा दाखवणार नाही, म्हणून लिहिते. माफी मागायची आहेच, पण ती तुझी. उद्यान झालं तेव्हा समितीला पाटीचं मराठी लिहायला आमच्या इमारतीतलं कुणीतरी हवं होतं आणि मला बोलावलं म्हणून मी हरखून गेले होते. त्यांनी दिलेल्या मजकुरात नुसते कपडे होते. मिरच्या मी घातल्या. त्यांच्यातल्या कुणाला ते सुचलंही नसतं.